गाडीखालची खडखड : लातूरमधील कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

औशाहून परत येताना आज काचा उघड्या ठेवल्या होत्या, तेव्हा गाडीच्या पोटाखालून येणारी खडखड स्पष्ट ऐकू आली. पत्नीच्या मते हा आवाज दिवाळीपासून आहे. मी काचा लावून आणि गाणी सुरू ठेवून गाडी चालवतो, त्यामुळे तो आजवर माझ्या कानावर आला नव्हता. गाडी २०१३ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे आणि आज मीटरवर ९२,४१६ किलोमीटर दिसत आहेत.

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे शेतात जाऊन साजरी करायची वेळ अमावास्या आहे. त्या दिवशी आई आणि अण्णांना घेऊन शेतात जायचे, तर पाटीपासून पुढे तीन किलोमीटर काळ्या मातीची गाडीवाट आहे. खाली नेमके काय सुटले आहे हे कळल्याशिवाय त्या वाटेवर गाडी घालणे मला पटत नाही. म्हणून आजपासून नोंदी ठेवत आहे, आणि आवाज केव्हा येतो व केव्हा येत नाही हे कागदावर उतरल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही, असे ठरवले आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहाला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पहिली चाचणी घेतली. गियर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मी स्टिअरिंगवर आणि मुलगा बाहेर दाराजवळ उभा. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत गेलो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिन शांत होते. १,८०० च्या सुमारास पातळ पत्रा थरथरावा तशी झणझण सुरू झाली, २,००० वर ती सर्वांत मोठी झाली आणि २,३०० च्या पुढे एकाएकी थांबली. मुलगा म्हणाला, "बाबा, मधोमध वाजायलंय, पुढं नाही." हे तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा तेच झाले.

गाडी जागेवर उभी असताना हा आवाज येतो, म्हणजे चाके, ब्रेक, शॉकअप आणि त्यांना जोडलेले सांधे यांचा या आवाजाशी संबंध नाही. इंजिनाच्या कंपनाने हलणारे काहीतरी सैल आहे. ठरावीक फेऱ्यांमध्येच वाजून पुढे थांबणे हेही महत्त्वाचे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन सिलिंडर पेटतात, त्यामुळे २,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ६७ धक्के बसतात. सैल पत्र्याची स्वतःची कंपनगती त्या आकड्याच्या जवळ आली की तो जोरात थरथरतो आणि गती पुढे सरकली की शांत होतो. जाड, जड भाग सहसा असा वागत नाही, म्हणून माझा संशय पत्र्यावर आहे.

संध्याकाळी वसाहतीतल्या गतिरोधकावर दुसरी चाचणी घेतली आणि तिने सकाळचा निष्कर्ष अपुरा ठरवला. दोन्ही पुढची चाके एकाच वेळी चढतील अशी गाडी सरळ नेली, तेव्हा काहीच वाजले नाही. तोच गतिरोधक तिरका ओलांडला, म्हणजे आधी डावे चाक वर गेले आणि उजवे खालीच राहिले, तेव्हा डाव्या बाजूने कोरडी "टक-टक" आली. हा आवाज झणझणीहून वेगळा आहे. लाकडी दारावर बोटाच्या पेराने वाजवावे तसा. ब्रेकवर हलका पाय ठेवून पुन्हा तिरका गेलो, तरी टकटक तशीच राहिली. ब्रेकचे पॅड सैल असते तर ब्रेकच्या दाबाखाली ते बसले असते आणि आवाज बदलला असता, म्हणून ब्रेकवरचा संशय कमी केला आहे.

म्हणजे आम्ही घरात ज्याला इतके दिवस एकच "खडखड" म्हणत होतो, ते दोन वेगळे आवाज आहेत: एक इंजिनाच्या गतीबरोबर जाणारा, दुसरा रस्त्याबरोबर. दोन्ही एकाच वेळी वाजत असल्याने चालत्या गाडीत ते वेगळे करता आले नव्हते.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून पाहा, म्हणजे इंजिनाचा आवाज आपोआप बाजूला पडेल, असा सल्ला शाळेतल्या एका सहकाऱ्याने दिला होता. मी तो घेतला नाही आणि इतरांनीही घेऊ नये असे मला मनापासून वाटते. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली चुकून काढली गेली तर स्टिअरिंगच अडकते. तेच उत्तर उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून मिळत असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

१ डिसेंबर, रविवार

गाडी अंगणात उचलून खाली पाहिले. आमचे अंगण काळ्या मातीचे असल्याने जॅक थेट ठेवला तर रुततो. शेजारच्या काकांनी शहाबादी फरशीचा तुकडा देऊ केला होता, परंतु ती फरशी एका जागी भार आला की तडकते, म्हणून दीड इंच जाडीची बाभळीची फळी वापरली. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि चाक काढून ते चौकटीखाली आडवे सरकवले, म्हणजे जॅक सटकलाच तर गाडी चाकावर टेकेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचे नाही हे ठरलेले असल्याने आज फक्त डोके बाहेर ठेवून टॉर्चने पाहिले आणि हात पोहोचेल तेवढेच तपासले.

चाकाच्या आत आणि लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर, पावसाळ्यातली माती वाळून घट्ट बसली होती. स्क्रू-ड्रायव्हरने ती खरडली, तेव्हा परातभर ढेकळे निघाली. गाडीला कलण्यापासून रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारची डावी लिंक, म्हणजे त्याला चाकाशी जोडणारी छोटी दांडी, हाताने हलवून पाहिली; ती घट्ट वाटली. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्येही, म्हणजे गोळीवर फिरणाऱ्या सांध्यातही, झोल जाणवला नाही. संध्याकाळी गतिरोधक तिरका ओलांडला, तर टकटक जशीच्या तशी होती.

४ डिसेंबर, बुधवार

एका मोठ्या गॅरेजात दाखवले. तिथल्या मिस्त्रींनी गाडी न उचलता, एक फेरी मारून, दोन्ही लोअर आर्म आणि पुढचे दोन्ही शॉकअप बदलावे लागतील असे सांगितले आणि साडेतेरा हजारांचा अंदाज दिला. उभ्या गाडीतही आवाज येतो, तो शॉकअपने कसा थांबेल, असे मी विचारले. त्याचे उत्तर मिळाले नाही. काम दिले नाही.

८ डिसेंबर, रविवार

अण्णांच्या जुन्या जीपचे काम ज्या उस्तादांनी वीस वर्षे केले, त्यांच्याकडे आज गेलो. त्यांच्या छोट्या गॅरेजात गाडी चारही चाकांवर उभी राहते असा लोखंडी रॅम्प आहे. मी नोंदवहीतली पाने वाचून दाखवली. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही, आणि मी लिंक घट्ट असल्याचे वाचल्यावर एवढेच विचारले, "सर, एकच चाक उचलून बघितलात का?"

माझी चूक तिथेच होती. स्टॅबिलायझर बार ही गाडीच्या रुंदीइतकी लांब, वाकवलेली पोलादी कांब असते आणि तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंच्या लिंकमधून चाकांच्या सांध्यांना जोडलेली असतात. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की ती कांब पिळते व गाडीला कलण्यापासून रोखते. दोन्ही चाके एकत्र वर गेली तर ती पिळत नाही, नुसती फिरते. गतिरोधक सरळ ओलांडताना टकटक का आली नाही, याचे कारण हेच. मी अंगणात एकच चाक उचलले, तेव्हा ते चाक खाली लोंबून कांब पिळली गेली आणि तिच्या ताणाने लिंकचा सैल सांधा एका बाजूला दाबून धरला. हाताला तो घट्ट लागणारच होता. लिंक तपासायची तर दोन्ही चाके सारख्या उंचीवर हवीत.

रॅम्पवर गाडी चाकांवर उभी असताना उस्तादांनी डावी लिंक दोन बोटांत धरून झटका दिला. "टक." तोच आवाज, हातभर अंतरावरून. लिंकच्या खालच्या बॉल जॉइंटवरचे रबरी टोपण एका बाजूने चिरलेले होते. त्यांनी ते मागे सरकवले, तेव्हा आत ग्रीसऐवजी काळसर, कोरडा थर होता आणि त्यात बारीक खर लागत होती. बोटाने पुसून त्यांनी मला दाखवले: "ही रानातली माती आहे. ओली असताना आत गेली, वाळली, आणि मग कानशीसारखी गोळी घासत बसली." उजव्या लिंकचे टोपण शाबूत होते, तरी सांध्यात थोडा झोल होता.

आमच्या भागात हा सांधा लवकर झिजावा, याला कारण आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यावर पुरेसा मुरूम आणि खडी न घालता केलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. लाटा दोन्ही कडांना सारख्या नसतात, त्यामुळे डावे चाक चढत असताना उजवे उतरत असते आणि लिंकला क्षणाचीही उसंत मिळत नाही. खड्डे आपल्याला दिसतात आणि आपण वेग कमी करतो. या लाटांवर मात्र आपण ६०–७० च्या वेगाने जातो.

दोन्ही लिंक बदलल्या. जुना नट गंजला होता आणि पाना फिरवला की नटाबरोबर आतला बोल्टही फिरत होता. उस्तादांनी बोल्टच्या टोकाच्या षटकोनी खाचेत ॲलन की धरून ठेवली आणि रिंग पान्याने नट सोडला. आट्यांवर आधी तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारे तेल लावून पंधरा मिनिटे थांबलो होतो. ते केले नसते तर कटर लावावा लागला असता. जोडीचे १,३५० रुपये आणि मजुरी ३०० रुपये. एकच बदलली असती तर पैसे वाचले असते, परंतु कांब दोन्ही बाजूंना सारखी धरलेली असावी, हे उस्तादांचे म्हणणे मला पटले.

९ डिसेंबर, सोमवार

गतिरोधक तिरका ओलांडला, शांत. टकटक गेली. उभ्या गाडीत २,००० फेऱ्यांवर झणझण आहे तशीच आहे.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस झणझणीसाठी. उस्तादांनी रॅम्प दोन तास मला मोकळा दिला. सायलेन्सरकडे हात न्यायचा असल्याने गाडी शनिवारी संध्याकाळीच तिथे सोडून आलो होतो. चालत्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याचे, तापमान चारशे अंश सेल्सियसच्या वर जाते आणि इंजिन बंद केल्यावरही तो भाग बराच वेळ हात भाजण्याइतका गरम राहतो. थंड सायलेन्सरवर हाताने काम करता येते, म्हणून रात्रभराची वाट पाहणे योग्यच होते.

पुढून मागे अशा क्रमाने, मुठीच्या कडेने हलके ठोकत गेलो. इंजिनातून निघालेली नळी ठोस वाजली. कन्व्हर्टरवर रबरी हातोडी मारताना मनात धाकधूक होती, कारण त्याच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक घरांचा सिरॅमिक ठोकळा असतो. तो फुटला तर खुळखुळ्यासारखा वाजतो, त्याचे तुकडे पुढे अडकून धुराची वाट बंद करू शकतात, आणि नवा कन्व्हर्टर ही गाडीच्या महागड्या सुट्या भागांपैकी एक गोष्ट आहे. आवाज भरीव आला. तीन बाजूंनी पुन्हा ठोकले, आत काही हलले नाही. पुढे मधला सायलेन्सर, तोही ठीक. मागच्या सायलेन्सरला टांगणाऱ्या रबरांपैकी एकाला आडवी चीर होती. ते बदलायचे म्हणून लिहून ठेवले, पण झणझण त्याची नव्हती.

मग कन्व्हर्टरच्या वर, गाडीच्या तळाला लावलेल्या उष्णतारोधक पत्र्याला बोटाने टिचकी मारली आणि तीन आठवडे ऐकत असलेला आवाज तिथून आला.

हा पत्रा कागदाच्या पुठ्ठ्याइतका पातळ, खोलगट आणि नालीदार आहे. चार बोल्टांनी तो तळाला धरलेला असतो. पुढचे दोन बोल्ट जागेवर होते. मागच्या डाव्या बोल्टाचे डोके होते, पण त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले होते, त्यामुळे बोल्ट जागच्या जागी असूनही पत्रा त्याच्यापासून मोकळा लोंबत होता. मागचा उजवा बोल्ट मुळात नव्हताच. पत्र्याची मागची कड कन्व्हर्टरपासून दोन-तीन मिलिमीटरवर आली होती आणि थरथरताना त्याला टेकत होती. त्या जागी दोन्ही धातूंवर घासून चकचकीत झालेली, नखाएवढी खूण होती. आवाजाची नेमकी जागा त्या खुणेने दाखवली. उस्तादांना हाक मारून इंजिन सुरू करायला लावले आणि लाकडी दांड्याने पत्रा वर दाबून धरला. २,००० फेऱ्यांवर पूर्ण शांतता. दांडा काढला, झणझण. पुन्हा दाबला, शांतता.

पत्र्याच्या वरच्या खोबणीत हात घातला तेव्हा मूठभर भुसकट निघाले. ऑक्टोबरमध्ये औसा भागात ठिकठिकाणी सोयाबीन रस्त्यावर मळणीला पसरलेले असते आणि त्यावरून गाड्या नेण्यावाचून इलाज नसतो. त्याच काड्या इथे अडकल्या होत्या. वरच्या बाजूच्या काड्या पिवळ्या होत्या, पण पत्र्याच्या भोकाजवळच्या सात-आठ काड्यांची टोके कोळशासारखी काळी झाली होती. मी त्या काड्या कागदात बांधून घरी आणल्या. वाजतो म्हणून हा पत्रा काढून फेकणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि गॅरेजातही "काढून टाका, काही होत नाही" असे सहज सांगितले जाते. हा पत्रा गाडीचा तळ, वरचा गालिचा आणि जवळून जाणाऱ्या नळ्या यांना त्या उष्णतेपासून वाचवतो. जिथे वर्षातून दोनदा रस्त्यावर काड, भुसा आणि धाटे पसरलेली असतात, तिथे तो काढणे मला धोक्याचे वाटते. पत्रा दुरुस्त करूनच बसवायचा.

२२ डिसेंबर, रविवार

दुरुस्तीचे तीन मार्ग समोर होते. नवा पत्रा मागवणे सर्वांत चांगले, परंतु तो येळवशीच्या आत येण्यासारखा नव्हता. वेल्डिंगचा विचार उस्तादांनी लगेच बाजूला सारला: गंजलेला इतका पातळ पत्रा ठिणगीने जोडला जाण्याऐवजी जळून भोक मोठे होते, शिवाय वर गालिचा आहे. राहिला तिसरा मार्ग, म्हणजे भोकापेक्षा मोठे वायसर (वॉशर) घालून तोच पत्रा पुन्हा धरणे.

आधी सर्व भुसकट आणि माती काढली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि निरोगी पत्रा कुठून सुरू होतो ते खडूने आखले. मागच्या डाव्या बाजूला ४० मिलिमीटर व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे वायसर पत्र्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे वरून एक आणि खालून एक, असे लावले. त्यामुळे दाब गंजलेल्या कडेवर न पडता बाहेरच्या धडक्या पत्र्यावर पडतो. उजव्या बाजूचे आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करून सहा मिलिमीटरचा नवा बोल्ट, दहाच्या गोटी पान्याने बसवला. पाना हाताने थांबेपर्यंत आणि त्यानंतर पाव फेरी, एवढेच आवळले. असा पत्रा जास्त आवळला की वायसर त्यात रुततो आणि पुढच्या वर्षी तिथेच नवे भोक पडते.

कन्व्हर्टरला दोन्ही बाजूंनी कवच असते. त्याच्या खालच्या अर्ध्या कवचाची शिवणही एका टोकाला सुटू लागल्याचे आज दिसले. तिथे स्क्रूने आवळायची स्टेनलेस पट्टी लावली. एका पट्टीचा घेर पुरला नाही, म्हणून दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून एक मोठी केली. स्क्रूचे डोके खाली न ठेवता बाजूला वळवले, नाहीतर गाडीवाटेच्या मधल्या उंचवट्यावर ते घासले असते. ऑक्सिजन सेन्सर आणि त्याची वायर पट्टीपासून चार बोटे दूर राहील याची खात्री केली. कापड, रबर किंवा प्लॅस्टिकची बांधणी इथे चालत नाही. उस्तादांच्या शिकाऊ मुलाने सायकलच्या ट्यूबची पट्टी आणली होती, ती का नको हे त्याला मी त्या जळलेल्या काड्या दाखवून सांगितले. त्याने त्या बराच वेळ हातात धरून पाहिल्या.

चिरलेले टांगणीचे रबर बदलले. साबणाचे पाणी लावल्यावर ते दांड्यावर सहज सरकले. वायसर, बोल्ट, पट्ट्या आणि रबर मिळून २८० रुपये झाले. उस्तादांनी रॅम्पचे पैसे घेतले नाहीत. पट्टीचा स्क्रू कुठे थांबला, तिथे त्यांनी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे पुढे तो सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

२३ डिसेंबर, सोमवार

थंड इंजिनावर ८०० पासून ३,५०० फेऱ्यांपर्यंत दोनदा गेलो. झणझण नाही. वीस किलोमीटर चालवून गरम झाल्यावर पुन्हा पाहिले, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि थंडीत घट्ट असलेला पत्रा गरमीत सुटू शकतो. तेव्हाही नाही. नव्या पट्टीवरच्या तेलाचा थोडा धूर आणि वास दहा मिनिटे आला, नंतर गेला.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.

सकाळी आठला निघालो. आई, अण्णा, पत्नी, मुलगा आणि मी, डिकीत भज्जी, उंडे आणि भाकरी, आणि आंबिलीचे मडके आईच्या मांडीवर. काचा मुद्दाम उघड्या ठेवल्या. पाटीपासून पुढे दुसऱ्या गियरमध्ये, चाके चाकोरीत न घालता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेवर ठेवून गेलो, म्हणजे गाडीचा तळ उंच राहतो. लिंकसाठी याहून कठीण परीक्षा नव्हती. ढेकळांवर टायरचा आवाज आणि आंबील डचमळल्याचा आवाज, एवढेच ऐकू येत होते. अण्णा मध्येच म्हणाले, "वाजायलं थांबलं की रं."

कोपीजवळ गाडी कडब्याच्या गंजीपासून दूर, नांगरलेल्या मोकळ्या जागी लावली. गरम सायलेन्सर वाळल्या कडब्यावर उभा करायचा नाही, हे मुलाला मी सांगण्याआधीच त्याने हात करून जागा दाखवली.

५ जानेवारी २०२५, रविवार

मीटरवर ९३,१०२. गाडी थंड असताना रॅम्पवर पाहिली. पांढरी रेघ सलग आहे. पट्टी हलली नाही. मागच्या डाव्या वायसरखालचा बोल्ट किंचित, पाव फेरीहून कमी, आवळला गेला. नवा वायसर बसताना तेवढे अपेक्षितच होते. नव्या लिंकच्या रबरी टोपणांवर माती चिकटली होती, ती ओल्या फडक्याने पुसली. पत्र्यावरच्या खोबणीत काड्या नाहीत. नवा पत्रा मागवला आहे. तो आला की मार्चमध्ये, तूर आणि हरभऱ्याच्या मळण्या आटोपल्यावर बसवायचा.